स्वस्त लॅपटॉप घरच्या वापराला टिकतो का? गुहागरच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगी यंदा अकरावी सायन्सला, पुढे इंजिनिअरिंगचा विचार. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांना पेन्शनची कामं, बँक, सातबारा बघणं आणि मराठीत लिहिणं. मिस्टरांचा आंब्याचा हिशेब एक्सेलमध्ये. बजेट पंचवीस हजार, फारच ताणलं तर तीस-बत्तीस. ऑनलाइन सतरा-अठरा हजारांत एका फारशा न ऐकलेल्या कंपनीचा नवाकोरा लॅपटॉप दिसतोय आणि तो घ्यावासा वाटतोय. मुंबईचे तुमचे भाऊ मात्र म्हणतात, पन्नासच्या खाली काही घेऊ नकोस, पैसे पाण्यात जातील. तर असले स्वस्त ब्रँड रोजच्या घरगुती वापराला भरवशाचे असतात का, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणला वीस वर्षांहून जास्त काळ कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, त्यामुळे मी बोलतोय ते टेबलावर उघड्या पडलेल्या यंत्रांवरून. तुमच्या घरातल्या कामांना पन्नास हजारांची अजिबात गरज नाही. आणि तो सतरा हजारांचा लॅपटॉपही तुमच्या घरात येऊ नये असं मला मनापासून वाटतं. का, ते नीट सांगतो, कारण "ब्रँड छोटा आहे" एवढ्यावर मी कुणालाही नाही म्हणत नाही.

स्वस्त यंत्रात नेमकं काय जातं? लोकांना वाटतं आतला प्रोसेसर हलका असणार, तोच जळणार. इतक्या वर्षांत आपणहून मेलेले प्रोसेसर मी बोटावर मोजण्याइतके पाहिलेत. छोट्या कंपनीच्या विंडोज लॅपटॉपमध्येही प्रोसेसर बहुधा इंटेलचा किंवा एएमडीचाच असतो, तो काही वेगळा बनवून येत नाही. पैसे वाचवले जातात ते इतर ठिकाणी: बिजागरीत, बॅटरीत, स्क्रीनमध्ये, चार्जरमध्ये, साठवणुकीच्या चिपमध्ये आणि विक्रीनंतरच्या सेवेत. म्हणून मी कुठलंही यंत्र बघताना एकच विचार करतो. यातली वस्तू गेली तर ती काढून दुसरी बसवता येईल का, आणि बसवणारा माणूस घरापासून किती लांब आहे? घरच्या वापरात भरवसा म्हणजे मला तरी एवढंच समजतं.

साठवणुकीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. मागच्या पावसाळ्यात दापोलीकडच्या एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. २०२० साली ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा मुलासाठी घेतलेला. तक्रार अशी की अपडेट होत नाही आणि काहीही उघडायला वेळ लागतो. मी चालू करून घड्याळ लावलं. डेस्कटॉप यायला चार मिनिटं लागली. सी ड्राइव्ह उघडला तर ५७ जीबीपैकी दोन जीबीसुद्धा मोकळी नाही, पट्टी लालभडक. त्यात त्यांचे स्वतःचे फोटो होते जेमतेम दीड जीबीचे. बाकी सगळी जागा विंडोजनं आणि त्याच्या अपडेटनी खाल्लेली. खालचं झाकण काढलं, तर बोर्डावर अंगठ्याच्या नखाएवढी एक काळी चिप सोल्डर केलेली. तीच त्याची हार्डडिस्क. शेजारी रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीच्या, चिपाही तशाच. एकही मोकळा स्लॉट नाही. बोर्ड ठणठणीत होता, बॅटरीही बरी होती, स्क्रीनवर एक ओरखडा नव्हता. पण त्या यंत्रात मला काहीच वाढवता येत नव्हतं. शेवटी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाकून दिली. मुलगा आता त्यावर यूट्यूबवरचे धडे बघतो. पण ज्या कामासाठी घेतला होता, ते काम त्या लॅपटॉपनं दोन वर्षंही धड केलं नव्हतं.

या चिपेला ईएमएमसी म्हणतात. मोबाईलच्या मेमरी कार्डाची थोरली बहीण समजा. ती एका वेळी एक तर वाचते, नाही तर लिहिते. दोन्ही एकदम करत नाही. उत्तमातली उत्तम असली तरी सेकंदाला चारशे एमबीच्या पलीकडे जात नाही. साध्या एनव्हीएमई एसएसडीचा, म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या सुट्या साठवणुकीचा, वेग याच्या पाच-सात पट असतो. पण मला वेगापेक्षा मोठी अडचण वाटते ती वेगळीच: ती चिप बोर्डाशी जखडलेली असते. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, तेव्हा हे मी फार जवळून पाहिलं. पाणी ओसरल्यावर पुढचे दोन महिने माझ्याकडे चिखलानं भरलेली यंत्रं येत होती. महाग-स्वस्त, नावाची-बिननावाची, सगळी सारखीच गेलेली. पण ज्यांच्या आत सुटी हार्डडिस्क किंवा सुटी एसएसडी होती, त्यांतल्या बऱ्याच मी काढून, धुऊन, वाळवून दुसऱ्या यंत्राला जोडल्या आणि लोकांना त्यांचे फोटो, दुकानांची खाती, लग्नाचे अल्बम परत दिले. सोल्डर केलेल्या चिपांचा बोर्ड मेला की आतलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. एका आजोबांनी हातानं टाईप केलेली घराण्याची वंशावळ अशी गेली. त्यांना "काही होणार नाही" हे सांगताना मला जे वाटलं, ते अजून आठवतं. तेव्हापासून घरच्या वापरासाठी कुणीही विचारलं, तरी साठवण सुटी हवी हे मी पहिलं सांगतो.

म्हणून ताई, जाहिरातीत "६४ जीबी" किंवा "१२८ जीबी ईएमएमसी" दिसलं की पुढचं वाचू नका. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबी साठवण आणि चार जीबी रॅम अशी आहे. पण किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरतं. त्यावर मुलगी तीन वर्षं काम करू शकेल असा त्याचा अर्थ नाही.

चार जीबी रॅमचं गणित त्याहून वाईट. विंडोज नुसतं सुरू झालं तरी अडीच-तीन जीबी वापरतं. उरलेल्या जागेत क्रोम, क्रोममध्ये क्लासचा व्हिडिओ, शेजारी पीडीएफ. रॅम भरली की विंडोज उरलेलं ओझं साठवणुकीवर टाकतं, आणि ती साठवण ईएमएमसी असेल तर सगळं रांगेत उभं राहतं. "लॅपटॉप हँग होतो" म्हणून येणाऱ्या स्वस्त यंत्रांमध्ये बहुतेक वेळा मला दुसरा काही दोष सापडतच नाही. आठ जीबी रॅम हवीच, आणि जमल्यास एक स्लॉट मोकळा हवा, म्हणजे मुलगी इंजिनिअरिंगला गेल्यावर आणखी आठ घालता येतील. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत, त्यामुळे स्वस्तातल्या मॉडेलांमध्ये रॅम कमी देण्याचा मोह कंपन्यांना होणार. तिकडे विशेष लक्ष ठेवा.

प्रोसेसरच्या नावांत मात्र थोडं डोकं घालावं लागतं. नवा म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त लॅपटॉपमध्ये अजूनही सेलेरॉन एन४०२० दिसतो. तो २०१९ सालचा, दोनच कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत प्रत्यक्ष काम करणारे भाग). इंटेलनं २०२३ पासून नव्या लॅपटॉप चिपांसाठी सेलेरॉन आणि पेन्टियम ही नावंच सोडून दिली, म्हणजे ते नाव दिसलं की माल जुन्या पिढीचा हे ओळखा. २०२३ मध्ये आलेला एन१०० चार कोअरचा आहे. सासऱ्यांच्या कामाला आणि व्हिडिओ बघायला तो पुरतो, वीजही फार कमी खातो. मुलीसाठी मात्र त्याच्या वरची पायरी हवी. बाराव्या पिढीचा कोअर आय३-१२१५यू सहा कोअरचा आहे आणि घरच्या कामाला अजून कित्येक वर्षं पुरेल. एएमडीकडे रायझन ३ ७३२०यू आणि रायझन ५ ७५२०यू स्वस्तात दिसतात. आकडा सात हजारांचा, म्हणून अगदी नवा वाटतो. पण त्यातला तिसरा अंक २ आहे, आणि तो सांगतो की आतली रचना झेन २, म्हणजे मूळ २०१९ ची. चिप वाईट नाही, घरच्या कामाला चालते. एक अट मात्र तिच्याबरोबर येते: तिला लागणारी रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच असते. आठ जीबीचा घेतलात तर शेवटपर्यंत आठच राहणार.

आता बिजागरी. स्वस्त लॅपटॉप उभ्या आयुष्यात एकदा तरी माझ्याकडे येतो तो हिच्यासाठी, आणि ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. स्क्रीनच्या खाली दोन कोपऱ्यांत लोखंडी बिजागऱ्या असतात. त्या ज्या स्क्रूंनी बसवतात, ते स्क्रू पितळेच्या छोट्या नटांत जातात आणि ते नट प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांत गरम करून दाबलेले असतात. बिजागरी नवी असताना घट्ट असते. रोज एका हातानं, उजव्या किंवा डाव्या कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की सगळा पीळ त्या एका कोपऱ्यातल्या खुंट्यांवर येतो. पहिल्या वर्षी काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी झाकण उघडताना "कट्" असा आवाज येतो, कोपऱ्यातली फट रुंदावते, आणि एके दिवशी आतला पितळी नट प्लास्टिकचा तुकडा घेऊन बाहेर येतो. माझ्या ड्रॉवरमध्ये असे नट डबीभर आहेत. मग ॲराल्डाइट, नव्या खुंट्या, कधी आरपार भोक पाडून नटबोल्ट. वेळेवर आणलं तर काम थोडक्यात होतं. तसंच वापरत राहिलं तर बिजागरी स्क्रीनची केबल कापते आणि खर्च वाढत जातो. तेव्हा घरात सगळ्यांना सांगून ठेवा, सासऱ्यांनाही: झाकण नेहमी मधोमध धरून उघडायचं, आणि कोपऱ्यातून आवाज आला की त्याच आठवड्यात दाखवायचं.

बिननावाच्या ब्रँडची खरी अडचण इथे सुरू होते. स्क्रीन फुटली तर मला फार चिंता नसते. साडेपंधरा इंची स्क्रीनची पॅनल बऱ्यापैकी ठरलेल्या मापाची, तीस पिनांची असतात, बहुतेक वेळा दुसरी बसते. पण बॅटरीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. की-बोर्डही वेगळा, आणि स्वस्त बनावटीत तो वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटनी कायमचा चिकटवलेला असतो, म्हणजे एक बटण गेलं तरी सगळं कव्हर बदलायचं. मोठ्या कंपन्यांच्या खालच्या मॉडेलचे हे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फोन केला की कुरिअरनं दोन-तीन दिवसांत येतात, कारण ती मॉडेलं लाखांनी खपलेली असतात. न ऐकलेल्या कंपनीचा भाग मागितला की समोरचा आधी बॅटरीवरच्या लेबलचा फोटो मागतो आणि मग दोन दिवसांनी "मिळत नाही" म्हणतो. गेल्या वर्षी अशाच एका लॅपटॉपची बॅटरी फुगली. टचपॅड वर उचललं गेलेलं, क्लिक होत नव्हतं. लेबलवरच्या नंबरची बॅटरी महिनाभर शोधली, मिळाली नाही. शेवटी ती काढून टाकली आणि लॅपटॉप आता कायम चार्जरला जोडून चालतो. वीज गेली की तो बंद. आपल्याकडे जून-जुलैत वीज किती वेळा जाते, ते तुम्हाला सांगायला नको. (जाता जाता: टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर तो लॅपटॉप चार्ज करू नका, वापरू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.)

तुमचे भाऊ जे म्हणतात ते मुंबईत राहून म्हणतात, त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या लक्षात येणार नाही. महाग लॅपटॉप घेतला तरी गुहागरला सर्व्हिस कशी मिळणार, हा प्रश्न तसाच राहतो. वॉरंटी दोन प्रकारची असते. एकीत इंजिनिअर घरी येतो, दुसरीत यंत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. "एक वर्ष वॉरंटी" असं खोक्यावर दोन्हींत सारखंच लिहिलेलं असतं. खरेदीच्या आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करा आणि विचारा: "माझा पिनकोड हा. या मॉडेलला बिघाड झाला तर माणूस घरी येतो का? नसेल येत तर सर्वांत जवळचं सेंटर कुठलं?" उत्तर कोल्हापूर किंवा पुणे आलं, तर जाण्यायेण्याचा खर्च आणि मोडलेले दिवस त्या किमतीत मिळवून बघा. मोठ्या कंपन्यांच्या काही पंचवीस-तीस हजारांच्या मॉडेलांनाही घरी येणारी सेवा असते आणि काही चाळीस हजारांच्यांनाही नसते. हा एक फोन कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त सांगून जातो. फोन लागलाच नाही, तर तेही उत्तरच आहे.

जुना लॅपटॉप घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सुचवणार आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असले लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. नवे असताना त्यांची किंमत सत्तर-ऐंशी हजारांच्या पुढे असते. ते बनवताना दुरुस्तीचा विचार केलेला असतो: बहुतेकांत तळाचे स्क्रू काढले की रॅम, एसएसडी, बॅटरी समोर दिसते. बिजागरी धातूच्या चौकटीत बसवलेली असते. थिंकपॅड टी४८० सारख्या मॉडेलचे भाग आजही सहज मिळतात. वीस-पंचवीस हजारांत असा लॅपटॉप मिळतो, आणि माझं प्रामाणिक मत असं की घरच्या वापरासाठी तो त्याच किमतीच्या नव्या बिननावाच्या लॅपटॉपपेक्षा जास्त वर्षं जातो.

पण इथेही डोळे उघडे हवेत. आय५ लिहिलंय म्हणून भुलू नका, पिढी बघा. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणजे आय५ नंतरचा नंबर आठ किंवा नऊनं सुरू व्हायला हवा, किंवा १०, ११, १२ अशा आकड्यांनी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे लॅपटॉप दहा-बारा हजारांत "ऑफर" म्हणून बाजारात येतायत. बँकेची कामं त्यावर करायची नाहीत. दुसरं, विकणाऱ्यासमोरच बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं टाईप केलं की एक फाईल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. निम्म्याच्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून मागा. तिसरं, विंडोज नव्यानं टाकून इंटरनेटला जोडून दाखवायला सांगा. जोडल्यावर कुठल्या तरी कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या कुलपातून अजून सुटलेला नाही. फुकट दिला तरी घेऊ नका. असाच एक लॅपटॉप घेतलेला मुलगा माझ्याकडे आला होता. विकणाऱ्याचा फोन बंद. मी त्याला काहीच मदत करू शकलो नाही.

डेस्कटॉपबद्दल, म्हणजे टेबलावर ठेवायच्या कॉम्प्युटरबद्दल, थोडक्यात. घरात एकच जागा ठरलेली असेल तर डेस्कटॉप स्वस्तात जास्त टिकतो आणि सगळं सुटं असतं. पण लोकल जुळणीच्या डेस्कटॉपमध्ये कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, हातात घेऊन बघा. वर "४५० वॅट" छापलेलं असतं आणि वजन रिकाम्या डब्याएवढं. उघडला तर बोर्डावर जिथे फिल्टरच्या कॉइल असायला हव्यात, तिथे नुसती भोकं आणि वायरनं मारलेला जोड. असा एसएमपीएस विजेच्या एका झटक्यात मदरबोर्ड घेऊन जातो. बाकी काहीही स्वस्त घ्या, हा चांगल्या कंपनीचा घ्या. शिवाय यूपीएस लागतोच, त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. तुमच्याकडे मुलगी खोलीत अभ्यासाला नेणार, सासरे पडवीत बसणार, त्यामुळे लॅपटॉपच बरा.

आता आपल्या कोकणाबद्दल, कारण इथे यंत्र मरतं ते बऱ्याच वेळा किमतीमुळे मरत नाही. गुहागर समुद्राला लागून. खारट, दमट हवेनं बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमते, विशेषतः यंत्र बंद करून बॅगेत किंवा कपाटात ठेवलेलं असेल तर. पावसाळ्यात लॅपटॉप रोज अर्धा-एक तास तरी चालू ठेवा, आतली ऊब ओलावा घालवते. दुसरं अर्थिंग. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मे महिन्यात जांभा कोरडा ठक्क पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा लॅपटॉप बिघडलेला नसतो, चार्जर आणि घरचं अर्थिंग तपासायची वेळ आलेली असते. वायरमन बोलवून खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का बघून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की चार्जरही काढा आणि राउटरचा ॲडाप्टरही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडाप्टरमधून येते आणि नेटवर्कच्या केबलनं यंत्रापर्यंत पोचते. मेअखेर आणि ऑक्टोबरात माझ्याकडे जळलेले पोर्ट रांगेनं येतात, आणि त्यांत साठ हजारांची यंत्रंही असतात.

तेव्हा तुमच्यासाठी माझी निवड सांगतो. मुलीचं शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून तीस-बत्तीस हजार खर्चायची तयारी असेल, तर मोठ्या कंपनीचं खालच्या पायरीवरचं मॉडेल घ्या: आय३-१२१५यू किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एक मोकळा स्लॉट, सुटी एनव्हीएमई एसएसडी, तुमच्या पिनकोडवर घरी येणारी सेवा. सेलच्या दिवसांत अशी मॉडेलं त्या भावाला खाली येतात का, यावर लक्ष ठेवा. तेवढे पैसे आत्ता नसतील, तर आठव्या पिढीच्या पुढचा जुना बिझनेस लॅपटॉप घ्या, पण प्रत्यक्ष दुकान असलेल्या, बिल देणाऱ्या आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी देणाऱ्या माणसाकडून. आणि त्या सतरा हजारांच्या लॅपटॉपवर मन अडलंच असेल, तर आठ जीबी रॅम, सुटी एसएसडी आणि टाइप-सी चार्जिंग हे तिन्ही असेल तरच. टाइप-सी असेल तर चार्जर गेल्यावर बाजारातला चांगला ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर बहुधा चालतो, निदान तेवढ्यासाठी अडत नाही. तो सासऱ्यांना द्या. मुलीची चार वर्षं त्याच्या भरवशावर टाकू नका.

घ्यायच्या आधी तळावर किंवा चार्जरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक आहे का बघा. आर अक्षरानं सुरू होतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घालून बघता येतो. लॅपटॉप आणि ॲडाप्टर दोन्हींना ही नोंदणी सक्तीची आहे. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी कंपनीच्या साईटवर वॉरंटीची तारीख तपासा. कधी कधी ती माल कारखान्यातून निघाल्या दिवसापासून मोजलेली असते. बिल दाखवलं की दुरुस्त करून मिळते. विक्रेता किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीतूनही घेतात. काही स्वस्त मॉडेलांत विंडोज "एस मोड"मध्ये येतं आणि स्टोअरबाहेरचं काहीच टाकू देत नाही. सासऱ्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बसत नाही म्हणून घाबरू नका, तो मोड सेटिंगमधून फुकट बंद होतो. एकदा बंद केला की परत लावता येत नाही, पण त्याची गरजही पडत नाही.

एक शेवटचं काम, लॅपटॉप घरी आल्याच्या संध्याकाळी. हल्ली विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की एसएसडी बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. चोरीच्या दृष्टीनं ते चांगलं आहे. पण उद्या बोर्ड गेला आणि मी एसएसडी काढून दुसरीकडे जोडली, तर ती ४८ अंकी किल्ली मागते. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि खात्याचा पासवर्ड बहुधा कुणालाच आठवत नाही. तो ४८ अंकी नंबर बघून घ्या आणि सासऱ्यांच्या पेन्शनच्या फाईलमध्ये कागदावर लिहून ठेवा.

तुम्ही पाहून ठेवलेल्या लॅपटॉपचं अर्धं नाव पाठवलंय, त्यावरून आतलं काही कळत नाही. मॉडेलचा पूर्ण नंबर पाठवा, शेवटच्या अक्षरांसकट. रॅमचा स्लॉट आहे की नाही आणि एसएसडी सुटी आहे का, ते त्याच अक्षरांवरून शोधता येतं. बघून कळवतो.